कल्यो म्हटल्यावर

सोल, रविवार रात्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. आजूबाजूला सगळी मंडळी, तू तिकडे रडत होतीस आणि मी नुसता 'हो गं, हो गं' करत राहिलो. मग 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलंय. आज सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहायला बसलो. सरांनी तुला आठवडाभर बाजूला बसवलंय आणि तू तायक्वांदोचा क्लासच सोडायचं म्हणतेस, असं आईने सांगितलं.

मला जे समजलं ते असं. चुकत असेन तर सांग. मॅचची दुसरी राउंड चालू होती, तू लाल, समोरची मुलगी निळी. तुझ्या पोटावर लागोपाठ दोन किक बसल्या आणि तुझं डोकं तापलं. पंचांनी 'कल्यो', म्हणजे 'थांबा, बाजूला व्हा', म्हणून मध्ये हात घातला. ती थांबली, तिने हात खाली घेतले, आणि तेवढ्यात तुझी दोल्यो चागी, ती बाजूने फिरवून मारायची किक, तिच्या जबड्यावर बसली. तुला काम-जुम, म्हणजे दंडाचा गुण, मिळालं, राउंड गेली, मॅचही गेली. "बाबा, अर्ध्या सेकंदाचा तर फरक होता," असं तू म्हणालीस.

मी राहतो त्या गल्लीच्या कोपऱ्यावर, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक दोजांग, म्हणजे तायक्वांदोचा क्लास, आहे. इथे असे दोजांग जागोजागी दिसतात. संध्याकाळी पिवळ्या व्हॅन येतात आणि शाळेतून सुटलेली पोरं दोबोक, तुझा तो क्लासचा पोशाख, घालून त्यातून भराभर उतरतात. बुधवारी मी हिंमत करून वर गेलो आणि खुणांनीच विचारलं, बसू का? तिथल्या सरांनी भिंतीकडचा बाक दाखवला. बूट काढून बसलो. पोरांनी मोजायला सुरुवात केली, "हाना, दुल, सेत, नेत..." आणि मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू आईच्या पोळ्या याच आकड्यांत मोजतेस ना?

मग दोन पोरांची लढत लावली, असतील सहा-सात वर्षांची. एकाने पाय उचलला आणि नेमकं तेव्हाच सर 'कल्यो' म्हणाले. पाय हवेत होता. त्या पोराने तो तिथल्या तिथे रोखला, त्या नादात तोल गेला आणि तो धपकन मागे बसला. पण समोरच्याला पायाचा स्पर्शसुद्धा झाला नाही. कोणी हसलं नाही. सरांनी फक्त मान हलवली, पोरगा उठला, 'चारियत' म्हणजे सावधान, आणि परत सुरुवात. सई, मी तेव्हापासून त्या पायाचाच विचार करतोय.

तूच मला गुणांचं गणित शिकवलंस. ठोशाला 1, पोटावरच्या किकला 2, डोक्यावरच्या किकला 3, आणि गिरकी घेऊन मारली तर 4 आणि 5. म्हणजे समोरच्याच्या डोक्यावर लाथ मारली की सगळ्यात जास्त गुण! असा खेळ लहान मुलींना खेळू देतो तो कशाच्या भरवशावर? हेल्मेट आणि छातीवरचं होगू आहेतच, पण खरा भरवसा त्या एका शब्दाचा. कल्यो म्हटलं की समोरची थांबणारच, हे दोघींनाही पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर त्या मुलीने हात खाली घेतले.

आमच्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये प्रत्येक प्रेसच्या, म्हणजे दाबयंत्राच्या, तोंडाशी एक लाइट कर्टन असतो, न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. शिफ्ट सुरू झाली की माझं पहिलं काम म्हणजे तो तपासणं. अर्धा सेकंद उशिरा थांबणारी प्रेस मी चालू ठेवू देत नाही. माणूस तिथे रोज हात घालतो तो ती थांबेल या विश्वासावरच.

तुमच्या क्लासच्या भिंतीवरच्या तक्त्यावर हा खेळ दोन हजार वर्षांचा असल्याचं लिहिलंय. मुळं जुनी आहेत हे खरं. थेक्क्योन नावाचा पायांचा जुना खेळ कोरियात आहेच. पण तू शिकतेस तो तायक्वांदो बराच तरुण आहे. 1910 ते 1945 इथे जपानचं राज्य होतं, आणि त्या काळात इथल्या जुन्या विद्या दाबल्या गेल्या. जपानला शिकायला गेलेले काही कोरियन तरुण तिथे कराटे शिकून आले. देश मोकळा झाल्यावर सोलमध्ये त्यांच्या तालमी उभ्या राहिल्या. तालमीला इथे 'क्वान' म्हणतात. प्रत्येक क्वानची पद्धत निराळी, नावंही निराळी. 'तायक्वांदो' हे नाव पुढे आलं 1955 मध्ये, लष्करातले जनरल चोई होंग ही यांच्या पुढाकाराने. ताए म्हणजे पाय, क्वॉन म्हणजे मूठ, दो म्हणजे मार्ग. तेही सगळ्यांना लगेच पटलं नाही. मध्ये काही वर्षं 'ताएसूदो' म्हणत, 1965 मध्ये पुन्हा तायक्वांदो झालं. आपले आजोबा 1950 चे, म्हणजे हे नाव त्यांच्यापेक्षा लहान! मला यात कमीपणा वाटत नाही. पस्तीस वर्षं परक्यांच्या टाचेखाली राहिलेल्या माणसांनी, शत्रूकडून शिकलेलं आणि घरचं जे उरलं होतं ते एकत्र करून आपलं काहीतरी उभं केलं. त्या तक्त्यावर हे लिहिलेलं मला जास्त आवडलं असतं.

काल गंगनाम स्टेशनला उतरून चढ चढत कुक्कीवॉनला, तायक्वांदोच्या मुख्यालयाला, गेलो. कोरियन पद्धतीचं कौलारू छप्पर, समोर उंच खांब. 1972 मध्ये बांधलेली ही इमारत. पुढच्याच वर्षी पहिली जागतिक स्पर्धा इथे झाली आणि जागतिक संघटनाही तेव्हाच स्थापन झाली. ब्लॅक बेल्टची सर्टिफिकेटं जगभर जातात ती इथून. 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये हा खेळ फक्त प्रदर्शनापुरता होता, पदकं 2000 च्या सिडनीपासून. तुझ्यासाठी फोटो काढलेत.

आता तुला दोघांबद्दल सांगायचंय. बीजिंग ऑलिंपिक, ऑगस्ट 2008. रोहुल्ला निकपाई नावाचा अफगाणिस्तानचा मुलगा. युद्धामुळे घरचे देश सोडून इराणला गेले, निर्वासितांच्या छावणीत राहिले. तिथे तो तायक्वांदो खेळत होता आणि पुढे काबूलला परतला. 20 तारखेला 58 किलो गटात त्याने स्पेनच्या जगज्जेत्याला हरवून ब्राँझ जिंकलं. अफगाणिस्तानचं ऑलिंपिकमधलं ते पहिलंच पदक, कुठल्याही खेळातलं. चार वर्षांनी लंडनला त्याने आणखी एक जिंकलं.

तीनच दिवसांनी तिथेच क्यूबाचा आंखेल मातोस ब्राँझसाठी खेळत होता. हा सिडनीचा सुवर्णपदक विजेता. पायाला दुखापत झाली म्हणून खाली बसला. उपचाराला नियमाने एक मिनिट मिळतं, ते संपलं आणि पंचांनी त्याला बाद ठरवलं. त्याने पंचांच्या तोंडावर लाथ मारली. त्याच्यावर आणि त्याच्या कोचवर आजन्म बंदी आली. मातोसला किती दुखत असेल, किती राग आला असेल, हे मला कळतं. त्याच्या आठ वर्षं आधी तो जगात पहिला आला होता, आणि आज त्याचं नाव काढलं की लोकांना फक्त ती लाथ आठवते.

तू मातोस आहेस असं मी म्हणत नाही. तू अकरा वर्षांची आहेस, लागोपाठ दोन किक खाल्ल्यावर डोकं तापणारच. पण सरांनी तुला बसवलं ते बरोबर केलं, असं मला वाटतं. इथे लपवाछपवी करून तुला बरं वाटेल असं काही लिहिणार नाही.

आणखी एक गंमत सांगतो. ताएगुकचे आठही पुमसे, म्हणजे तुम्ही एकट्याने करता ते ठरलेल्या हालचालींचे संच, बचावाने सुरू होतात, पहिली हालचाल मारायची नाहीच. तुझा पहिला, इल जांग, आठव. डावीकडे वळायचं, अराए माक्की, म्हणजे खालचा बचाव, आणि मग ठोसा. प्रत्येकाला एकेक तत्त्व दिलंय: आकाश, तळं, आग, मेघगर्जना, वारा, पाणी, डोंगर, धरती. त्यातल्या चारांच्या खुणा इथल्या झेंड्यावर आहेत, आकाश, पाणी, आग आणि धरती. तू आता तिसरा शिकते आहेस ना, साम जांग? त्याचं तत्त्व आग. बाजूला बसली आहेस तोवर इतर मुलींचा साम जांग नीट बघ. पायांकडे बघ, कुठे थांबतात ते.

क्लास सोडायचा असेल तर मी अडवणार नाही. पण बसायचा आठवडा पुरा कर, रोज वेळेवर जा, दोबोक घालून बस. मग शनिवारी मला सांग. मी पुढच्या महिन्यात येतोय. इथून किक मारायचं पॅड आणतोय, गच्चीवर मी धरेन. मी 'कल्यो' कधीही म्हणेन हं, अगदी तुझा पाय हवेत असताना.

आणि हो, फोनवर तू तिला सारखं 'ती निळी, ती निळी' म्हणत होतीस. ती आपल्याच जिल्ह्यातली, तर सरांकडे तिच्या घरचा नंबर असेलच. तिचा जबडा आता कसा आहे? तिचं नाव काय आहे गं?

तुझा,
बाबा