१४ एप्रिल : भायखळा भेटीबद्दल सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

१४ एप्रिलला सकाळी ८ वाजता भायखळा अग्निशमन मुख्यालयाबाहेर जमायचे आहे. वेळ पाळावी. आत प्रवेश परवानगी मिळेल तितकाच. फाटकासमोर गाड्या लावू नका, घोळक्याने उभे राहू नका. कॉल आला की बंब तिथूनच सुटतो.

हाच दिवस का, हे नव्या सभासदांसाठी. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाच्या दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात, आग लागली. खाली कापसाच्या गासड्या, वर स्फोटके. जहाजावर सुमारे १४०० टन दारूगोळा होता. अग्निशमन दलाच्या जवानांनी दोन तास पाण्याचा मारा केला. पत्रा इतका तापला होता की जहाजावर मारलेले पाणी उकळत होते. तरीही ते होजपाइप धरून उभे राहिले. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जवान गेले. देशभर अग्निशमन सप्ताह याच दिवसापासून पाळतात. आपल्या शहरात मात्र ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोणाच्या घरी जुन्या बंबांचे, पितळी घंटेचे, पितळी शिरस्त्राणांचे किंवा एखाद्या ठाण्याचे फोटो असतील तर जरूर आणा. वडील-आजोबा दलात होते अशांनी आधी कळवावे, त्यांना बोलायला वेळ राखून ठेवू. मूळ प्रत घरीच ठेवा, झेरॉक्स चालेल. फोटोमागे साल आणि ठाण्याचे नाव पेन्सिलीने लिहा.

नावे १० तारखेपर्यंत द्यावीत.

— संयोजक