कॅमेरा राहू दे, दिवा घे

पुणे, रविवार

प्रिय विनू,

पत्र मिळालं. आबांच्या डब्यातल्या नाण्यांचे फोटो काढायला चाळीस हजारांचा कॅमेरा घ्यायचा म्हणतोस! अरे, ते पैसे बँकेतच राहू देत. मोबाईल आहे ना, पुरे. खर्च करायचाच तर वाकत्या मानेचा एक टेबललॅम्प घे. नाण्याच्या फोटोत सगळी करामत उजेडाची.

आधी एक ताकीद. वहिनींना सांग, चिंच-मीठ लावून नाणी लख्ख करायची नाहीत. तांब्यावर चढलेली ती काळपट झाक गेली, की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमतही गेली.

मांडामांड सोपी आहे. पुस्तकांच्या दोन सारख्या चळती कर, त्यांवर मोबाईल आडवा टाक, लेन्स मधल्या फटीवर येऊ दे. नाणं खाली, पण थेट कागदावर नको. नाण्याहून लहान बुचावर ठेव, म्हणजे सावली लांब पडते आणि मागचा कागद धूसर होतो. मोबाईल फार जवळ नेलास तर त्याचीच सावली नाण्यावर येते आणि नाणं फुगल्यासारखं दिसतं. वीतभर वर ठेवून दुप्पट झूम कर. स्वस्त मोबाईलमधल्या 'मॅक्रो'च्या, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सच्या, नादी लागू नकोस. पडद्यावर नाण्यावर बोट दाबून धरलंस की फोकस लॉक होतो. मग फोटोचा उजेड किंचित कमी कर आणि टायमर लाव, म्हणजे हात लागून हलणार नाही. खोलीतली ट्यूब मात्र बंद. दोन तऱ्हांचे उजेड मिसळले की रंग हमखास बिघडतो.

आता शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. आबांची ती झिजलेली, 'नुसता तांब्याचा तुकडा' म्हणून तू बाजूला टाकलेली. दिवा अगदी खाली आण, जवळजवळ टेबलाला टेकव, आणि नाण्याभोवती हळूहळू फिरव. नजर पडद्यावर ठेव. एका कोनात काहीच नाही, आणि जरा सरकवलास की 'राजा'चा काना उभा राहतो, मग 'श्री'चा फराटा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीला 'छत्रपति'. सगळी अक्षरं मिळतीलच असं नाही. ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असायचा, त्यामुळे कडेची अक्षरं मुळातच बाहेर राहून जात. उजेड फोटोच्या वरच्या अंगानेच येऊ दे. खालून आला तर डोळा फसतो आणि उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात.

चांदीच्या रुपयाचं नेमकं उलटं. तिथे खालचा दिवा ओरखडे तेवढे दाखवतो. दिवा वर, लेन्सच्या जवळ आण आणि मध्ये बटर पेपर धर, नाहीतर राजाच्या गालावर पांढरा डाग पडतो. डब्यात पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया आहे का बघ. त्याच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली होती की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणी परत घेतली आणि 1912 पासून हत्ती सुधारला. एवढासा हत्ती, पण फोटोत सोंड स्पष्ट दिसायलाच हवी.

आरशासारखं चकचकीत नाणं असेल तर फोटोफ्रेमची काच घे. नाणं आणि मोबाईल यांच्या मध्ये ती 45 अंशांत तिरकी धर आणि दिवा बाजूने काचेवर पाड. उजेड काचेवरून सरळ खाली उतरतो आणि मोबाईल काचेतून आरपार बघतो. दिव्याचा थेट उजेड नाण्यावर येऊ नये म्हणून मध्ये काळा पुठ्ठा उभा कर. काच धरायला मुलाला बसव, तेवढाच तो मोबाईल सोडून दुसरं काही करेल.

फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. साधा फोटो पाठवलास तर ते चेचून टाकतं आणि मग मला काय कपाळ दिसणार! सोबत वजन आणि व्यास लिही, दोन्ही बाजू हव्यात. आणि अंजनेरीचं नाणेसंग्रहालय तुझ्या नाशकापासून इतकं जवळ असून तू अजून गेला नाहीस, हे काही बरं नाही. पुढच्या महिन्यात येतोय, तेव्हा जाऊ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्री