शिकवणीचा न दिसणारा दबाव

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. तरीही आमच्या भागात सहावी-सातवीचे वर्गशिक्षकच संध्याकाळी घरी शिकवणी घेतात. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम यांचे आकारिक गुण त्यांच्याच हातात. मग पालक नाही कसे म्हणणार? सर वर्गात फक्त ‘उद्यापासून येतोस ना रे?’ एवढेच विचारतात, पण पोराला तो हुकूमच वाटतो. आईवडिलांचे न ऐकणारी मुले सरांचा शब्द खाली पडू देत नाहीत. त्या विश्वासावर पैसे कमावणे मला तरी छडी मारण्याइतकेच वाईट वाटते. छडीची निदान तक्रार होते. इथे कोणी धजत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांनी तक्रारीची वाट न पाहता चौकशी करावी.

– एक पालक