दवाखान्याचं थकलेलं बिल आणि वसुलीवाल्यांचे फोन

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कापूस घरात यायला लागला की आमच्याकडे वसुलीवाल्यांचे फोन पण सुरू होतात. अमळनेरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, खेड्यावरची माणसं मोबाइल नाहीतर नोटिशीचं पाकीट पुढे करून विचारतात, "भाऊ, हाई काय शे?" पूर्वी ते बियाणं-खताच्या उधारीचं नाहीतर ट्रॅक्टरच्या हप्त्याचं असायचं, आता त्यात दवाखान्याच्या बिलाचं प्रमाण खूप वाढलंय आणि त्याबद्दलच लिहितोय.

होतं काय, की पेशंट ॲडमिट करताना डिपॉझिटला पैसे कमी पडतात, मग काउंटरवरच सांगतात की हप्ते करून देतो, आधार-पॅन घेतात, मोबाइलवर ओटीपी येतो, तो सांगितला की झालं. घरच्यांना वाटतं दवाखान्यानेच सवलत दिली, प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज असतं आणि दवाखान्याचे पैसे केव्हाच वळते झालेले असतात. दोन हप्ते चुकले की बाकी वसुली एजन्सीकडे जाते आणि मग रात्री दहाला फोन, सासऱ्यांना फोन, सरपंचांना फोन, "उद्या गावात येऊन बोर्ड लावतो" अशी भाषा. पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याची तर बहिणीच्या घरी फोन गेल्यावर इतकी नाचक्की झाली, की तो सावकाराकडून पैसे उचलून भरायला निघाला होता.

त्याला आधी थांबवलं आणि दवाखान्याकडे तपशीलवार बिल मागायला लावलं, कारण त्याच्याकडे जो कागद होता त्यावर आयसीयू, मेडिकल आणि इतर अशा तीनच ओळी होत्या. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. बिल आलं तेव्हा त्याचे वडील जनरल वॉर्डात हलवल्यानंतरचे दोन दिवस पण आयसीयूच्याच दराने लावलेले निघाले. डिस्चार्ज कार्डावर वॉर्डात हलवल्याची तारीख स्पष्ट होती, त्यामुळे वाद घालायची गरजच पडली नाही, दवाखान्याने रक्कम कमी केली आणि तेवढे पैसे फायनान्सच्या खात्यात वळते केले. हे बिल मागणं म्हणजे कोणाचे उपकार नाहीत, महाराष्ट्रात २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत सुधारणा झाली त्यात रुग्ण हक्कांची सनद आहे, तपशीलवार बिल हा त्यातला हक्क आहे आणि पैसे बाकी आहेत म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही हे पण त्यात आहे. ही सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावायचं असतं. किती ठिकाणी दिसतं ते वाचकांनीच बघावं.

आता फोनचं. फायनान्स कंपनी असेल तर तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास हे काहीच चालत नाही. फोन रेकॉर्ड करा, एजंटचं नाव विचारा, कंपनीने त्याला नेमल्याचं पत्र मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार होते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. दवाखान्यानेच स्वतःची माणसं पाठवली असतील तर मात्र हा रस्ता नाही, धमकीसाठी पोलीस स्टेशन आणि बिलाच्या वादासाठी जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

नोटिशीत 'फौजदारी' हा शब्द वाचला की माणसं गळून जातात. बिल किंवा हप्ता भरता न येणं हा काही गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. पण ॲडमिट करताना सही केलेला चेक दिला असेल आणि तो बाउन्स झाला तर गोष्ट वेगळी, त्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात नाहीतर कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची फौजदारी केस होऊ शकते, तेव्हा ते पाकीट कपाटात ठेवून देऊ नका, लगेच वकिलाकडे जा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत मिळतो, महिलांना आणि आदिवासी बांधवांना तर उत्पन्नाची अट पण नाही, साक्री-नंदुरबार-चोपड्याच्या पट्ट्यात हे फार कमी लोकांना माहीत आहे. लोक अदालतीची नोटीस आली तर नक्की जा, तिथे रक्कम कमी होऊ शकते, हप्ते पिकाच्या हिशोबाने मागता येतात. तडजोड झाली की नो ड्यूजचं, म्हणजे आता काही बाकी नाही असं पत्र घेतल्याशिवाय उठायचं नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. यातली कितीतरी बिलं झालीच नसती. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता सगळी रेशन कार्डं बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, आणि २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळं होतं. म्हणजे खान्देशाला ही काही नवी गोष्ट नाही. तरी योजनेतल्या दवाखान्यात सुद्धा हप्त्याचं टेबल दारातच असतं आणि आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारा माणूस, कुठे बसतो हे विचारून शोधावं लागतं. योजना कॅशलेस आहे, आधी खिशातून भरून मागून पैसे मिळत नाहीत, म्हणून ॲडमिट होतानाच विचारणं गरजेचं आहे आणि त्या क्षणी घरच्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. हे सांगायचं काम दवाखान्याचं आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या सिव्हिल सर्जन साहेबांना आणि धुळे, जळगाव मनपाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की दरपत्रक आणि सनद लावली आहे का याची तपासणी करा, आणि योजनेतल्या दवाखान्यात रेशन कार्ड बघून 'हा आजार योजनेत बसतो' किंवा 'बसत नाही' असं लेखी दिल्याशिवाय कोणाकडूनही कर्जाचा ओटीपी मागायचा नाही असं पत्र काढा. दिवाळीनंतर कापसाचे पैसे यायच्या आत हे झालं तर बरं होईल.

आपला एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव