पायाभूत वर्षाचा वर्ग हाती घेणाऱ्या मुलास

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कला महाविद्यालयातील पायाभूत वर्षाचा वर्ग तुझ्याकडे आल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. नव्या विद्यार्थ्यांत एक मुलगी कर्णबधिर आहे, एका मुलाजवळ अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आहे आणि आणखी एकाला मानसिक आजारावर औषधे चालू असल्याचे त्याच्या वडिलांनी तुला खाजगीत सांगितले आहे. या तिघांसाठी काय करावे, असे तू विचारतोस. चित्रकला हा माझा प्रांत नव्हे. पण व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून माझी सारी नोकरी माणसांचे हात पुन्हा कामाला लावण्यात गेली, त्या बाजूने लिहिते.

सवलती दिल्या की दर्जा घसरेल, ही तुझी धास्ती मला समजते. तिचे उत्तर असाइनमेंट देण्यापूर्वीच शोधावे लागते. प्रत्येक कामात आपण नेमके काय तपासणार आहोत, हे आधी एका वाक्यात लिहून काढ. वस्तुचित्रात तुला आकारांचे परस्परप्रमाण, छायाप्रकाश आणि मांडणी पाहायची असेल, तर ते चित्र दोन तासांत झाले की तीन तासांत, डाँकीवर (चित्र काढताना बसायच्या बाकावर) बसून काढले की टेबलावर बोर्ड टेकवून, याने त्याची योग्यता बदलत नाही. अक्षरलेखनाच्या वर्गात अक्षराचे वळण, रेषेची जाडी आणि दोन अक्षरांमधील मोकळी जागा पाहायची असते. तेव्हा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलापुढे मजकूर मोठ्या टाइपात छापून ठेव आणि शुद्धलेखनासाठी त्याचे गुण कापू नकोस. कलेतिहासाच्या पेपरात त्याला लेखनिक मिळू शकतो. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या परीक्षार्थीला लेखी परीक्षेत तीन तासांना किमान एक तास जादा मिळतो, आणि ४० टक्क्यांची ही अट पूर्ण होत नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी मात्र हा विचार बहुधा मागे पडतो, आणि कलाशाळेत तर बहुतेक वर्ष प्रात्यक्षिकाचेच असते.

कर्णबधिर मुलीबाबत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळ. प्रात्यक्षिक दाखवताना तुम्ही शिक्षक मंडळी रंग लावता लावता बोलता. तिला एकाच वेळी तुझा कुंचला आणि तुझे ओठ किंवा दुभाष्याचे हात पाहता येणार नाहीत. आधी तिच्याकडे तोंड करून सांग, थांब, मग कागदाकडे वळ. मुलांच्या पाठीमागून फिरत शेरे देण्याची पद्धत तिच्यासाठी निरुपयोगी आहे. तिचा शेरा चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून दे. चित्रकार सतीश गुजराल यांची श्रवणशक्ती बालपणीच गेली होती आणि अनेक शाळांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. लाहोरच्या मेयो स्कूल या कलाशाळेनंतर १९४४ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. त्यांचे नाव तिला धीर द्यायला जरूर सांग, पण ‘ते करू शकले, मग तू का नाही’ असे कधीही म्हणू नकोस. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशीनंतर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, पूर्ण गेली. तरीही शांतिनिकेतनच्या कलाभवन या कलाशाळेने त्यांना पुन्हा शिकवायला बोलावले, आणि कागद दुमडून-कापून केलेल्या त्यांच्या आकृत्यांवरून तेथे टाइल्सचे भित्तिचित्र उभे राहिले, ते इतरांच्या हातांच्या साहाय्याने. या हकिकतीत त्या संस्थेची वागणूक मला अधिक मोलाची वाटते.

तिसऱ्या मुलाविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. तो सज्ञान आहे. वडिलांनी सांगितलेले तू त्याच्यापुढे आपण होऊन काढू नकोस आणि सहकाऱ्यांत तर मुळीच बोलू नकोस. आजाराचे नाव विचारण्याची गरज नसते. काम करताना काय जड जाते आणि काय केल्याने सोपे होईल, एवढेच विचार. हे तू वर्गातल्या प्रत्येकाला विचारलेस, तर कोणी एकटा उठून दिसणार नाही. लिथियम हे मानसिक आजारावरचे औषध घेणाऱ्याच्या बोटांना बारीक कंप येऊ शकतो, तेव्हा सरळ बारीक रेषेच्या कामाला जाड मुठीची पेन्सिल आणि मनगटाला आधार द्यावा लागतो. शिवाय अशा मुलाने पाणी पीत राहणे आवश्यक असते, म्हणून स्टुडिओत बाटली आणू द्यावी. काही औषधांनी सकाळी विलक्षण गुंगी राहते. पहिल्या तासाची त्याची अनुपस्थिती आळस समजण्याआधी हे लक्षात घे.

ज्युरीच्या, म्हणजे शिक्षकांनी मिळून चित्रे तपासण्याच्या, दिवशी सर्वांसमोर उभे राहून स्वतःच्या चित्रावर तुटून पडलेले ऐकणे हे कित्येक मुलांना असह्य होते. टीका सौम्य कर असे मी म्हणत नाही. ती चित्राविषयी असावी, एका वेळी एकानेच बोलावे, आणि ज्याला हवे त्याला दोन शिक्षकांसमोर बंद दाराआड ज्युरी देता यावी.

आणखी एक. वेदनेतूनच मोठी कला येते आणि औषधांनी प्रतिभा बोथट होते, हे बोलणे कलाशाळेत फार सहज कानावर पडते आणि ते ऐकून मुले परस्पर औषधे सोडतात. व्हॅन गॉगने १८८९ च्या मे महिन्यापासून वर्षभर फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात राहून सुमारे दीडशे चित्रे केली, हे खरे. पण आजाराचा झटका आला की त्याचे काम बहुधा थांबत असे, आणि त्यातली बहुतेक चित्रे मधल्या निवांत काळातली आहेत. तुझ्या वर्गात हे ठामपणे सांग.

तू उपचारक होऊ नयेस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. तुमच्याकडे ती व्यक्ती कोण आणि कोणत्या वारी भेटते, हे प्राचार्यांना विचारून घे. एखादे मूल अचानक गप्प झाले, आपले आवडते रंग आणि कुंचले वाटून टाकू लागले, तर स्वतःला संपवण्याचे विचार येतात का, असे त्याला एकांतात स्पष्ट विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नकोस आणि समुपदेशक येईपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, म्हणजे १४४१६ वर, त्याच्याजवळ बसूनच फोन लाव. तेथे मराठीतही बोलता येते.

पहिल्या सत्राच्या असाइनमेंट ठरल्या की यादी मला पाठव. कोणत्या कामाला किती वेळ, कोणती साधने आणि पर्याय काय, हे आपण फोनवर एकेक करून पाहू.

तुझी,
आई