ड्रोमानाच्या प्रवेशद्वारावरच्या माहितीपुस्तिकेसाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यात, कॅपोक्विनजवळ, फिनिस्क नदीच्या पुलाशी ड्रोमाना इस्टेटीचे जुने प्रवेशद्वार आहे. मधोमध टोकदार कमान, दोन्ही अंगांना पहारेकऱ्याच्या बुटक्या खोल्या, वर सडपातळ मिनार आणि माथ्यावर हिरवा पडलेला तांब्याचा घुमट. आपला माणूस तिथून पहिल्यांदा जाताना गाडी थांबवतोच.

हे द्वार आधी चक्क कागदाच्या लगद्याचे होते! १८२६ मध्ये इस्टेटीचे मालक हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट आपल्या व्हिएन्नाच्या वधूला घेऊन आले, तेव्हा कुळांनी त्यांच्या स्वागताला ही हंगामी कमान उभारली, असे सांगतात. जोडप्याला ती इतकी आवडली की पुढे पक्की बांधून घेतली. वास्तुविशारद मार्टिन डे यांचा आराखडा १८४९चा आहे.

इथे या शैलीला ‘हिंदू-गॉथिक’ म्हणतात (गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपातली, टोकदार कमानींची बांधकामशैली). देवळाचे शिखर किंवा सभामंडप मात्र शोधू नका, काही सापडणार नाही. घुमट-मिनारांची कल्पना इंग्लंडच्या ब्रायटनमधल्या, वास्तुविशारद जॉन नॅश यांनी नव्याने घडवलेल्या राजवाड्यावरून आली. नॅश यांनी तोही घडवला हिंदुस्थानची छापील चित्रे पाहूनच. खिडक्या गॉथिक धर्तीच्या, टोकदार. तरी दोन्ही एकमेकांत बसतात, कारण आधी फुगून मग उलटी वळत टोकाला जाणारी रेषा युरोपच्या गॉथिकमध्ये आहे आणि आपल्याकडच्या कमानींतही. ती रेषा हेच या वास्तूचे खरे कौशल्य, असे आमचे मत. घुमटाचे कौतुक तसेही सगळे करतात.

विसाव्या शतकात द्वार मोडकळीला आले होते. जुन्या वास्तू जपणाऱ्या आयरिश जॉर्जियन सोसायटीने १९६०च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार केला. दुरुस्ती हे आपल्या मंडळाचे काम नाही आणि तो आपला अधिकारही नाही. आपल्याला करायची आहे ती मराठीतली सचित्र माहितीपुस्तिका. भारतातून येणारे पाहुणे इथे फोटो काढून निघून जातात, त्यांच्या हाती काहीतरी द्यावे इतकाच हेतू.

त्यासाठी छपाईला पैसे लागतील. पाच युरोही चालतील, पावती मिळेल. पण पैशांहून जास्त गरज माणसांची आहे: कमान आणि खिडक्यांची रेखाटने करणारे कुणी आर्किटेक्ट किंवा विद्यार्थी, जुने कौटुंबिक फोटो असलेले सभासद, आणि मजकूर तपासणारे. पुण्या-मुंबईत बसूनही हे शेवटचे काम होईल. बिजापूरच्या कमानींचा अभ्यास असलेले कुणी ओळखीचे असल्यास जरूर कळवा. तुलनेचे एक पान ठेवायचे आहे.

फोटो काढताना जपून, कमानीखालून वाहने जातात. इच्छुकांनी मंडळाच्या कोषाध्यक्षांकडे किंवा पुढच्या मासिक बैठकीत नाव द्यावे.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी