आधी शिक्षणाचं कर्ज, मग फ्लॅट

प्रतापनगर, नागपूर

प्रिय सुध्या,

फोनवर तू बेसा भागातल्या फ्लॅटवर असा घसरला की मला बोलूच देईना, म्हणून लिहून पाठवतो. माझं मत सरळ आहे: आधी एज्युकेशन लोन बंद कर. टोकन देऊ नको.

तू म्हणतो, शिक्षणाचं ११ टक्के, घराचं साडेआठ, अडीच टक्क्यांनी काय होते? व्याजात खरंच फार काही नाही. पण कर्जाची फाइल आमच्या बँकेत टेबलावर आली की आम्ही आधी चालू हप्ते पाहतो. सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या साधारण निम्म्यात बसले पाहिजेत. तुझे ७० हजार, म्हणजे ३५. त्यातून शिक्षणाचे १०,९०० गेले की उरले २४,१००. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे तुला पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास मिळतील. हा हप्ता नसता तर चाळीस. पाच लाखांची बाकी तुझे बारा लाख दाबून बसली आहे बे!

फ्लॅट ४५ चा. आज घ्यायचा तर सतरा लाख घरचे हवेत, वर स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी, ती तर कर्जात धरतच नाहीत. तुझ्याजवळ आठ आहेत. उरलेल्यासाठी पर्सनल लोन काढशील, मला माहीत आहे तू कसा आहेस.

पाच भरले तर तीन उरतील, ते आजारपणाला, नोकरी गेली तर, म्हणून ठेव. हप्त्याचे वाचलेले आणि तू दर महिन्याला बाजूला टाकतो ते २० हजार धरून महिन्याला ३१ हजार होतात. अडीच वर्षांत नऊ लाख, आणि तेवढ्यात पगारही वाढेलच. तेव्हा ३६ लाखांचं कर्ज आरामात बसेल. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही. आणि शिक्षणकर्जाच्या व्याजावर ८०ई ची करसवलत मिळते म्हणून कर्ज ठेवतो म्हणशील, तर तू नवीन कर प्रणालीत आहेस. तिथे ती नाहीच.

आता जी गोष्ट तू फोनवर काढलीच नाही. बारा लाखांचं कर्ज होतं, म्हणून तारण लागलं आणि काकाजींनी काटोलचं घर ठेवलं. ते सहकर्जदार आहेत, म्हणजे तुझा एक हप्ता चुकला तर त्यांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, बिघडतो. रिटायर माणसाच्या घराचे कागद बँकेत आणि मुलगा बेसात बाल्कनी पाहून राहिला, हे मला नाही जमत. ते तुला कधी बोलणार नाहीत. गेल्या वेळी मला मात्र दोनदा विचारलं, ‘कागद परत कसे मिळतात रे?’ मी सांगितलं की पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत बँकेनं मूळ कागद द्यायलाच पाहिजेत. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

कर्ज बंद केल्यावर नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, घे आणि थोड्या दिवसांनी सिबिलमध्ये खातं बंद दिसते का पाहा. ते राहून गेलं तर पुढच्या फाइलला उगाच अडकतं.

तो एजंट ‘मिहानमुळे भाव दुप्पट होणार’ म्हणून राहिला, विमानतळाजवळच्या त्या मिहान प्रकल्पाचं ते मी कॉलेजपासून ऐकतो आहे. भाव वाढतील, नाही म्हणत नाही. तेव्हा बेसात नाही तर हिंगण्याकडे पाहू. पण कुठंही पाहिलं तरी लेआउट मंजूर आहे का, आरएल, म्हणजे प्लॉटचं रिलीज लेटर, आहे का, हे आधी विचार. बाल्कनी नंतर.

दिवाळीत येशील तेव्हा एज्युकेशन लोनचं सँक्शन लेटर घेऊन ये, तारणाच्या कागदांची यादी मला पाहायची आहे. काकाजींना नमस्कार.

तुझाच,
अव्या